पडद्यावरील पंतप्रधान: चरित्रपटात खरे किती आणि ते ठरवते कोण?

भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या कारकिर्दीवरचा ‘इमर्जन्सी’ हा चित्रपट ६ सप्टेंबर २०२४ रोजी प्रदर्शित होणार होता. प्रत्यक्षात तो चित्रपटगृहांत पोहोचला १७ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या चार महिन्यांत शीख संघटनांनी त्यातील चित्रणावर आक्षेप घेतले, प्रमाणपत्र अडले, निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि काही दृश्यांना कात्री लागली. प्रदर्शनानंतरही पंजाबातील अनेक चित्रपटगृहांनी तो लावला नाही. या काळात वाचकांच्या मनात दोन प्रश्न वारंवार येत राहिले. एखाद्या मोठ्या राजकीय नेत्याच्या आयुष्यावर चित्रपट काढायला कोणाची परवानगी लागते, हा पहिला; आणि पडद्यावर जे दिसते त्यातले खरोखर घडलेले किती, हे सामान्य माणसाने कसे ओळखायचे, हा दुसरा. एक प्रश्न कायद्याचा आणि दुसरा इतिहासाचा वाटतो, पण दोघांची उत्तरे एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात. ती गोष्ट म्हणजे सार्वजनिक नोंद: न्यायालयाचे निकाल, संसदेतील भाषणांची इतिवृत्ते, राजपत्रे, चौकशी आयोगांचे अहवाल आणि त्या काळची वृत्तपत्रे. कायदा याच नोंदीच्या आधारावर चित्रपटकाराला मोकळीक देतो, आणि प्रेक्षकाच्या हाती तपासणीचे साधनही हीच नोंद असते.

चरित्रपट म्हणजे काय, आणि काय नाही

प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीचे आयुष्य नटनट्यांकरवी उभे करणारा कथापट म्हणजे चरित्रपट. माहितीपटात मूळ चित्रफिती, छायाचित्रे आणि साक्षीदार असतात. चरित्रपटात सगळेच नव्याने रचलेले असते. इंदिरा गांधी यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ चा. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. १९७७ पर्यंत आणि पुन्हा १९८० पासून ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी हत्या होईपर्यंत त्या पंतप्रधान होत्या. पंधरा वर्षांहून अधिक काळाची सत्ता अडीच तासांत बसवायची तर वर्षे आकुंचन पावणार, चार सल्लागारांचा मिळून एक सल्लागार होणार आणि बंद दाराआडचे संवाद लेखकाला कल्पनेने लिहावे लागणार.

लोकल गाडीच्या डब्यात लावलेला स्थानकांचा नकाशा आठवून पाहावा. त्यात मार्ग सरळ रेषेत दाखवलेला असतो आणि स्थानकांमधली अंतरे सारखी काढलेली असतात. प्रत्यक्षात दोन्ही तसे नसते, तरीही तो नकाशा आपल्याला फसवत नाही, कारण स्थानकांचा क्रम त्यात बरोबर असतो. चरित्रपटाकडून अपेक्षा धरायची ती एवढीच. त्याने अंतरे कमीजास्त करावीत, पण कारणाआधी परिणाम दाखवू नये, एकाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर घालू नये आणि जे स्थानक मार्गावर नाहीच ते उभे करू नये.

नोंद आपल्याला कुठपर्यंत नेते?

आणीबाणीच्या आधीच्या दोन आठवड्यांचेच उदाहरण घेऊ, कारण या विषयावरच्या कोणत्याही चित्रपटाचा कणा तोच असणार. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीतून झालेली इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरवली. त्याची कारणे नाट्यमय नव्हती. यशपाल कपूर या राजपत्रित अधिकाऱ्याची सेवा निवडणुकीच्या कामासाठी घेतली गेली, आणि सभांसाठी व्यासपीठे उभारण्याचे व विजेची सोय करण्याचे काम राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांकडून करवून घेतले गेले, असे न्यायालयाला आढळले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) प्रमाणे ही भ्रष्ट प्रथा ठरते आणि तिची परिणती सहा वर्षांच्या अपात्रतेत होते. मतदानात घोळ किंवा पैशांचे वाटप, असे या निष्कर्षांत काही नव्हते. २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीकालीन न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, लोकसभेत बसता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही.

२५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या कलम ३५२ खाली, अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव, आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. आणीबाणीच्या चौकशीसाठी नंतर नेमलेल्या शाह आयोगापुढे आलेल्या कागदांवरून हेही कळते की, विषय मंत्रिमंडळापुढे नेणे त्या रात्री शक्य नसल्याचे पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना पत्राने कळवले होते आणि त्यासाठी सरकारी कामकाज नियमांतील बाराव्या नियमाचा आधार घेतला होता. मंत्रिमंडळाला हे समजले दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बैठकीत, म्हणजे सही होऊन गेल्यावर. दिल्लीतील अनेक वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली गेली होती.

एवढे सगळे नोंदीत आहे. त्या रात्री पंतप्रधानांच्या मनात काय चालले होते, त्या घाबरल्या होत्या की निश्चयी होत्या, मुलगा त्यांना काय म्हणाला, हे नोंदीत नाही. सल्लागारांच्या आठवणी आहेत, पण त्या नंतर लिहिलेल्या आणि बहुधा स्वतःची बाजू मांडणाऱ्या आहेत. चरित्रपट नेमका या मोकळ्या जागेत शिरतो. त्याने शिरू नये असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती जागा न भरता चित्रपट होणारच नाही. मात्र प्रेक्षकाने हे ओळखायला हवे की सहीची तारीख, कलम आणि पत्र ही नोंद आहे, तर सहीआधीचा सुस्कारा ही रचना आहे.

संवाद खरे असतात का?

क्वचित असतात, आणि जे सर्वांत अविश्वसनीय वाटतात तेच कधी कधी शब्दशः खरे निघतात. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि हेन्री किसिंजर यांनी ५ नोव्हेंबरला त्यांच्याविषयी आपसात जी भाषा वापरली, ती येथे छापण्याजोगी नाही. निक्सन यांच्या कार्यालयात संभाषणांचे ध्वनिमुद्रण होत असे, आणि हे संभाषण २००५ मध्ये अमेरिकी सरकारनेच प्रसिद्ध केले. एखाद्या पटकथाकाराने ते वापरले तर अतिरंजित म्हणून प्रेक्षक नाक मुरडतील, पण त्याला ध्वनिफितीचा आधार आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘दुर्गा’ या उपमेचे. बांगलादेश युद्धानंतर अटलबिहारी वाजपेयी यांनी इंदिरा गांधी यांना दुर्गा म्हटले, ही गोष्ट भाषणांत, लेखांत आणि घराघरांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खोटी असू शकते हे कोणाला सुचतही नाही. आपण तसे म्हटले नव्हते, असे स्वतः वाजपेयी यांनी नंतर मुलाखतीत स्पष्ट केले. तरीही उपमा टिकून आहे, कारण ती दोघांनाही शोभते. लोकांच्या तोंडी बसलेले वाक्य आणि नोंदीत सापडणारे वाक्य यांच्यात फरक असतो, आणि चरित्रपट बहुधा पहिल्या प्रकारचे वाक्य निवडतात.

परवानगी कोणाची लागते?

सर्वसाधारण समज असा आहे की कुटुंबीयांची लेखी संमती असल्याखेरीज कोणाच्या आयुष्यावर चित्रपट काढता येत नाही. भारतीय कायद्याची स्थिती तशी नाही. याचा पाया १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या कैद्याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ हे तमिळ नियतकालिक छापणार होते. त्यात पोलीस अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख असल्याने ते छापू नये म्हणून तुरुंग प्रशासनाने दबाव आणला. न्यायालयाने सांगितले की प्रत्येक नागरिकाला खासगी आयुष्य जपण्याचा हक्क आहे आणि संमतीशिवाय त्यावर लिहिणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. परंतु जे सार्वजनिक नोंदीत आहे त्यावर लिहायला संमती लागत नाही. लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख हा याला महत्त्वाचा अपवाद ठेवला गेला. सार्वजनिक पदावरील व्यक्तींना, त्यांनी पदावरून केलेल्या कामाबाबत, हे संरक्षण आणखीच कमी मिळते. लिहिणाऱ्याने सत्याची अजिबात पर्वा न करता खोटे लिहिले, हे दाखवता आले तरच त्यांना दाद मागता येते. प्रकाशनाआधीच बंदी घालण्याचा, म्हणजे पूर्वप्रतिबंधाचा, अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

हे तत्त्व महिला नेत्याच्या चरित्रपटाला थेट लागू झाले ते जयललिता यांच्या बाबतीत. त्यांच्या आयुष्यावरील ‘थलैवी’ थांबवावा म्हणून त्यांची भाची दीपा जयकुमार मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये एकल न्यायमूर्तींनी आणि एप्रिल २०२१ मध्ये खंडपीठाने त्यांची मागणी फेटाळली. व्यक्तीने हयातीत मिळवलेली प्रतिष्ठा आणि तिचा खासगीपणाचा हक्क घरजमिनीसारखे वारसाने पुढे जात नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. चित्रपट १० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला.

व्यक्ती हयात असेल तर चित्र बदलते. पुढे खासदार झालेल्या फूलनदेवी १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांच्यावर बेतलेल्या ‘बँडिट क्वीन’च्या प्रदर्शनाला न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. आपल्यावरील अत्याचार आपल्याला न विचारता पडद्यावर दाखवले गेले, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे तडजोड झाली आणि तो वाद मिटला, पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मिटलेला आहे असे मला वाटत नाही. नेत्याचे सार्वजनिक कार्य लोकांचे असते. तिच्या शरीरावर झालेला अत्याचार लोकांचा कसा होईल? २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर या प्रश्नाला अधिकच धार आली आहे.

मृत व्यक्तीबद्दल वाटेल ते दाखवता येते, असाही याचा अर्थ काढू नये. मृत व्यक्तीवरील आरोप तिच्या निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला गेला तर तो फौजदारी बदनामी ठरू शकतो. ही तरतूद जुन्या दंडसंहितेत होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे.

परवानगीची गरज नसेल तर निर्माते कुटुंबीयांकडून हक्क विकत का घेतात, असे कोणी विचारेल. त्यामागे व्यवहार आहे. कुटुंबाकडील पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी मिळतात, आणि खटल्यांचा धोका कमी होतो. त्याची किंमत प्रेक्षक मोजतो, कारण संमतीने बनलेल्या चित्रपटात नेत्याच्या चुका सहसा सौम्य होतात.

नाव बदलले तर सुटका होते का?

कायद्याने थोडीफार होते, राजकारणाने मुळीच नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ‘आँधी’ची नायिका काल्पनिक होती. पण सुचित्रा सेन यांची साडी, केसांतील पांढरी बट आणि चाल पाहून प्रेक्षकांना इंदिरा गांधीच आठवल्या, आणि आणीबाणीत तो चित्रपट बंद पाडण्यात आला. १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर तो दूरदर्शनवर दाखवला गेला. जयललिता यांच्यावर बेतलेल्या ‘क्वीन’ या वेबमालिकेत नायिकेचे नाव शक्ती शेषाद्री आहे, तरीही दीपा जयकुमार यांच्या आक्षेपातून तीही सुटली नाही. नाव बदलल्याने निर्मात्याला आडोसा मिळतो, मात्र प्रेक्षकाची तपासणी अवघड होते, कारण एखादी घटना खोटी असल्याचे दाखवले तर ‘हे काल्पनिक आहे’ हे उत्तर तयार असते.

सेन्सॉर बोर्ड सत्य तपासते का?

आपण सवयीने सेन्सॉर बोर्ड म्हणतो, पण १९८३ पासून त्या संस्थेच्या नावात सेन्सॉर हा शब्द नाही. ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याच्या कलम ५ब मध्ये प्रमाणपत्र नाकारण्याची कारणे दिली आहेत. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान आणि गुन्ह्याला चिथावणी अशी ती आहेत. ‘इतिहासाशी विसंगत’ हे कारण त्या यादीत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सरकारने चित्रपटातील तपशील खरे ठरवले, हा समज चुकीचा आहे. प्रमाणपत्रावरून एवढेच कळते की तो चित्रपट कोणत्या वयोगटाने पाहावा आणि तो दाखवण्यात वरील कारणांची अडचण नाही.

व्यवहारात मात्र मंडळ कधी कधी आधार मागते. ‘इमर्जन्सी’च्या वेळी चर्चिल यांच्या भारतीयांविषयीच्या आणि निक्सन यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या विधानांना आधार काय, असे मंडळाने निर्मात्यांना विचारल्याच्या बातम्या आल्या होत्या. ही विचारणा मला गैर वाटत नाही, पण ती दोन परदेशी नेत्यांच्या वाक्यांपाशी थांबू नये. देशातील नेत्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांनाही हाच निकष लागायला हवा, नाहीतर आधाराची मागणी ही केवळ राजनैतिक सावधगिरी ठरते.

प्रक्रिया अशी असते. आधी परीक्षण समिती चित्रपट पाहते. मतभेद झाल्यास तो पुनरीक्षण समितीकडे जातो. त्यानंतर दाद मागण्यासाठी पूर्वी चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये रद्द झाले, आणि तेव्हापासून निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. न्यायाधिकरणाचे काम तुलनेने झटपट होत असे. उच्च न्यायालयापुढे हजारो प्रकरणे असतात. प्रमाणपत्राच्या वादात तारखा पुढे जात राहतात आणि ठरलेला शुक्रवार हुकतो, त्यामागचे एक साधे कारण हे आहे. ‘इमर्जन्सी’च्या बाबतीत आणखी एक गुंता होता. आक्षेप घेणारे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या जबलपूर पीठाकडे गेले होते, आणि त्या पीठाने मंडळाला त्यांचे म्हणणे विचारात घ्यायला सांगितले असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबरच्या सुरुवातीला लगेच प्रमाणपत्र द्या असा आदेश देण्यास नकार दिला. पुढे मात्र मंडळाने निर्णय टाळत राहू नये, अशा शब्दांत न्यायालयाने नाराजी व्यक्त केली.

लोक चिडतील म्हणून आधीच थांबवले तर काय बिघडले?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो धुडकावून लावू नये. ज्या समाजाने १९८४ चा संहार सोसला आहे, त्याला त्या काळाविषयीचे प्रत्येक दृश्य बोचू शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात यावर जे सांगितले ते आजही लागू आहे: धोका दूरचा किंवा कल्पनेतला असून चालणार नाही, ठिणगीचा दारूच्या कोठाराशी असावा तसा त्याचा चित्रपटाशी थेट संबंध हवा, आणि निदर्शने होतील या भीतीपुढे मान तुकवून राज्याला आपली जबाबदारी टाळता येणार नाही, कारण अभिव्यक्तीचे रक्षण करणे हेच राज्याचे काम आहे. चुकीच्या चित्रणाला उत्तर द्यायचे तर ते चित्रण लोकांसमोर यावे लागते. बंद पडलेल्या चित्रपटातील चूक कोणी दुरुस्त करू शकत नाही, उलट न पाहिलेल्या दृश्यांविषयीच्या अफवा तेवढ्या वाढतात.

डिस्क्लेमर दिला की जबाबदारी संपते?

सुरुवातीच्या काही सेकंदांच्या पाटीने न्यायालयात निर्मात्याची बाजू थोडी भक्कम होते. संपूर्ण बचाव मात्र होत नाही. हेतुपुरस्सर केलेली बदनामी पाटीने झाकली जात नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने तर त्या पाटीचा उपयोग फारच थोडा आहे, कारण नेमके कोणते दृश्य रचलेले आहे हे ती सांगत नाही.

स्त्री नेत्याच्या चरित्रपटात वेगळे काय घडते?

कायद्याच्या आणि नोंदीच्या चर्चेत हा मुद्दा मागे पडतो, पण माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चरित्रपट कोणत्याही नेत्याबाबत संस्थांचा इतिहास व्यक्तीच्या इतिहासात आटवतो. नेता स्त्री असली की तो आणखी एक पायरी खाली उतरतो आणि व्यक्तीचा इतिहास नात्यांच्या इतिहासात आटवतो. मग ती कोणाची तरी मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई म्हणून निर्णय घेते.

मार्गारेट थॅचर यांच्यावरील २०११ च्या ‘द आयर्न लेडी’मध्ये हे स्पष्ट दिसते. ब्रिटनच्या पहिल्या महिला पंतप्रधानांची साडेअकरा वर्षांची कारकीर्द तेथे वार्धक्यातील विस्मृतीच्या चौकटीतून, दिवंगत पतीशी चाललेल्या काल्पनिक संभाषणांतून सांगितली आहे. मेरिल स्ट्रीप यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले आणि तो अभिनय असामान्य आहेच. पण ३० मार्च १९७९ रोजी संसदेच्या आवारात थॅचर यांचे निकटचे सहकारी एअरी नीव्ह यांच्या मोटारीत स्फोट झाला तेव्हा चित्रपट थॅचर यांना जवळच उभे करतो. प्रत्यक्षात त्या तेथे नव्हत्या. तसेच सभागृहात त्या पुरुषांच्या गर्दीतली एकटी स्त्री असल्याचा भास होतो, जेव्हा १९५९ साली त्यांच्याबरोबर आणखी दोन डझन स्त्रिया निवडून आल्या होत्या.

‘एकटी’ ही प्रतिमा इंदिरा गांधी यांनाही सहज चिकटते, आणि तीही नोंदीशी जुळत नाही. त्या पंतप्रधान झाल्या तेव्हा सुचेता कृपलानी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री होत्या. विजयालक्ष्मी पंडित यांनी १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद भूषवले होते. तारकेश्वरी सिन्हा केंद्रात अर्थखात्याच्या उपमंत्री राहिल्या होत्या. शेजारच्या श्रीलंकेत सिरिमावो बंदरनायके १९६० मध्येच जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या होत्या. पहिलेपणाचे मोल याने कमी होत नाही. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षात मोरारजी देसाई यांना १६९ आणि इंदिरा गांधी यांना ३५५ मते पडली. ही मते मिळवणे हे राजकारण होते, आणि त्यात राज्याराज्यांच्या मुख्यमंत्र्यांची व पक्षाध्यक्ष कामराज यांची गणिते होती. ‘नेहरूंची मुलगी’ या दोन शब्दांत ती गणिते मावत नाहीत.

आणीबाणीबाबत तर नात्यांची चौकट सरळ दिशाभूल करते. संजय गांधी यांच्याकडे १९७५ मध्ये कोणतेही घटनात्मक पद नव्हते, हे खरे, आणि त्यांचा प्रभाव प्रचंड होता, हेही खरे. पण ‘पुत्रप्रेमाने आंधळी झालेली आई’ ही कथा सांगितली की बाकी सगळे सुटतात. शाह आयोगाच्या अहवालानुसार १९७६–७७ या एका वर्षात सुमारे ८१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. एका आईच्या ममतेने हे घडत नाही. त्यासाठी मुख्यमंत्र्यांनी उद्दिष्टे वाढवली, जिल्हाधिकाऱ्यांनी ती खाली वाटली, शिक्षकांचे पगार त्यावर अडवले गेले. मिसा (खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून १ लाख १० हजारांहून अधिक माणसे स्थानबद्ध किंवा अटकेत होती; त्या प्रत्येक आदेशावर कोणा ना कोणा अधिकाऱ्याची सही होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने, स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे ठरवले, आणि न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. या सगळ्यांची जबाबदारी आईमुलाच्या नात्यात विरघळवणे म्हणजे त्या अधिकाऱ्यांना आणि न्यायमूर्तींना मोकळे सोडणे होय, आणि स्वतः इंदिरा गांधी यांनाही. त्यांनी निर्णय पंतप्रधान म्हणून घेतले आणि त्यांचा हिशेबही पंतप्रधान म्हणूनच व्हायला हवा.

या चौकटीत आणखी एक गोष्ट हरवते. आणीबाणीला विरोध करणाऱ्यांतही स्त्रिया होत्या. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यासाठी आवाज उठवला आणि पुढे त्यांना अटक झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते तुरुंगात गेल्या. कन्नड अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांची प्रकृती तुरुंगात ढासळली आणि सुटकेनंतर अल्पावधीत, जानेवारी १९७७ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. विजयालक्ष्मी पंडित यांनी १९७७ च्या निवडणुकीत आपल्याच भाचीविरुद्ध प्रचार केला. ज्या चित्रपटात सत्तेवर एक स्त्री आणि समोर सगळे पुरुष एवढेच दिसते, तो त्या काळच्या राजकारणाचा अर्धा भाग पडद्याबाहेर ठेवतो.

दिग्दर्शकाचा पक्ष महत्त्वाचा आहे का?

‘इमर्जन्सी’च्या दिग्दर्शिका आणि प्रमुख अभिनेत्री कंगना राणावत २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून मंडीतून लोकसभेवर निवडून आल्या. ही माहिती प्रेक्षकाला असणे योग्यच आहे. पण तेवढ्यावरून चित्रपट खोटा ठरत नाही, जसा उद्या काँग्रेसच्या एखाद्या खासदाराने काढलेला चित्रपट आपोआप खरा ठरणार नाही. सांगणाऱ्याचा पक्ष कळला की कोणत्या ठिकाणी अधिक काळजीने पाहायचे ते समजते. निवाडा मात्र नोंदीवरूनच करावा लागतो.

सामान्य प्रेक्षकाने एवढे तपासायचे कधी?

सगळे तपासण्याची गरज नसते. चित्रपट पाहून झाल्यावर ज्या एका दृश्याने आपले मत बदलले, तेवढे एक तपासले तरी पुष्कळ आहे. लोकसभेतील चर्चांची इतिवृत्ते आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संकेतस्थळांवर मोफत वाचता येतात. घटनादुरुस्त्यांचा मजकूरही उपलब्ध आहे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही अशी अट टाकली. ती अट वाचली की २५ जूनच्या रात्री काय वगळले गेले होते ते आपोआप कळते.

शाह आयोगाचा अहवाल मिळणे मात्र दीर्घकाळ कठीण होते. १९७८ मध्ये तीन भागांत आलेल्या त्या अहवालाच्या प्रती १९८० नंतर दुर्मीळ झाल्या. माजी खासदार एरा सेळियन यांनी आपल्याजवळ जपून ठेवलेल्या प्रतीवरून तो २०१० मध्ये पुन्हा छापला, आणि आज आणीबाणीवरचा कोणताही चित्रपट ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो मजकूर त्यामुळे वाचकांच्या हाती आहे.